अण्णांची पावसाची वही आणि 'सरासरीइतका' पाऊस

मांजराकाठ

गेल्या आठवड्यात माहेरी जाऊन आले. केज तालुका. धनेगावचं धरण आमच्या गच्चीवरून दिसत नाही, पण दरवाजे उघडले की रात्री आवाज येतो, एवढ्या अंतरावर गाव.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. शाळेच्या भंगारात निघालेलं एक पर्जन्यमापक त्यांनी सोडवून आणलं आणि अंगणात तुळशीपासून लांब, मोकळ्यावर बसवलं. रोज सकाळी साडेआठला मापनळी घेऊन जायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, वहीत आकडा टाकायचा. खाकी कव्हरची दोनशेपानी वही, पहिल्या पानावर 'श्री', खाली 'मृग, १९८३'. आता पाचवी वही चालू आहे. रकाने पाच: तारीख, नक्षत्र, वाहन (पावसाचा अंदाज म्हणून पंचांगात त्या नक्षत्राला दिलेला प्राणी), मिमी, शेरा. शेऱ्यात गंमत असते. 'नुसतं भुरभुर.' 'ओढ्याला पाणी.' 'वाफसा नाही', म्हणजे रानात पेरणीजोगी ओल नाही. 'दुबार.' माझ्या बारशाची नोंदसुद्धा आहे: '१२ मिमी. बारसं. लापशी चिकट झाली.'

दुपारी टीव्हीवर बातमी लागली की यंदा सरासरीइतका पाऊस अपेक्षित. अण्णा हसले. म्हणाले, "सरासरीनं वाफसा येतो का गं?"

मग मी पाचही वह्या खाली घेऊन बसले. वर्षाची बेरीज त्यांनी शेवटच्या पानावर लाल शाईनं केलेली असते. ती बेरीज खालीवर होते, पण एकाच दिशेनं सरकलीय असं मला तरी दिसलं नाही. फरक आतल्या पानांत आहे. पहिल्या वहीतला जुलै म्हणजे ओळीनं ४, ७, ११, २, ९. गच्च पान. चौथ्या-पाचव्या वहीत नुसत्या आडव्या रेघा, रेघा, रेघा आणि मग एकदम तीन आकडी संख्या. तिच्यापुढं शेरा: 'नळी चार वेळा भरली.'

आणखी एक गोष्ट दिसली. २०१६ पासून 'वाहन' हा रकानाच नाही. बेडूक, म्हैस, हत्ती सगळे गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "जमंना झालं."

हा माणूस २०१४ ची गारपीट होईपर्यंत 'हवामान बदल' म्हणजे टीव्हीवर बोलायचा विषय समजत होता. आता पारावर बसून दुसऱ्यांना समजावतो. म्हणून धागा काढला. तुमच्याकडच्या लोकांना हे कशामुळं पटलं? पटलंय का? शास्त्रज्ञांचे अहवाल आले म्हणून, की रान वाहून गेलं म्हणून?

अवांतर: मापनळी या खेपेला भाच्याच्या हातून फुटली. तिचं काय करावं हेही सांगा.

हुरडापार्टी

पहिला! अण्णांना दंडवत. वह्यांचे फोटो काढून ठेवा आधी, वाळवीला नक्षत्र लागत नाही.

कोरडवाहू

ताई, तुमच्या अण्णांची वही खरी, पण सरकारदरबारी तिला किंमत शून्य. आमच्याकडं पाऊस शेतात पडत नाही, महसूल मंडळात पडतो. मंडळात एक यंत्र. आमच्या मंडळाचं यंत्र माझ्या बांधापासून नऊ किलोमीटरवर, ओढ्याच्या पल्याडच्या गावात. चोवीस तासांत ६५ मिमी भरलं तर अतिवृष्टी.

मागं एकदा आमच्या शिवारात रात्रीतून बांध फुटले. सोयाबीन काढून गंजी लावलेली, ती गंजी उचलून पाण्यानं शेजाऱ्याच्या उसात नेऊन घातली. दुसऱ्या दिवशी कळलं, पल्याडच्या यंत्रात पन्नासच्या आसपास. विमावाल्यांना फोन लावला, बहात्तर तासांच्या आत लावला, तक्रार क्रमांकही मिळाला. पुढं काय झालं ते विचारू नका.

आता बघा, शास्त्रज्ञ सांगतात अतिवृष्टी वाढली. कागद सांगतो अतिवृष्टी झालीच नाही. मी कुणाचं ऐकू? पटायचं म्हणाल तर मला पटलंय. मला काय, गंजीला पण पटलंय.

बिब्बा

नेहमीप्रमाणे जो तो हवामान बदलाच्या नावानं खडे फोडतोय. मी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. शाळकरी पोर होतो, आईबरोबर खडी फोडायला गेलोय. सुकडी खाल्लीय, अमेरिकेची लाल मिलो खाल्लीय. तेव्हा आमच्या गावात मोटार एकच होती, तीही डॉक्टरची. कुठला कार्बन आणि कुठलं काय? पाऊस असाच आहे, मराठवाडा असाच आहे. बालाघाटाच्या पलीकडं ढग आला तर आला. पूर्वी देवाचा कोप म्हणायचो, आता शास्त्रज्ञांचा कोप. नाव बदललं, अनुदान वाढलं.

दुधनाकाठ

बिब्बासाहेब, मी हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली. वाऱ्याची फिरकी, कोरडा-ओला तापमापक आणि पर्जन्यमापक यांच्या सोबतीनं आयुष्य गेलं. तेव्हा थोडं लांबवतो, चहा घेऊन बसा.

एक. हे नवं खूळ नाही. हवेतला कर्बवायू उष्णता अडवतो हे टिंडाल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हातानं मांडलं. आपलं हवामान खातं १८७५ चं. म्हणजे आपण पाऊस मोजायला लागलो त्याच काळातली ही गोष्ट.

दोन. खात्री एका दिवसात आली नाही, आणि माझ्या मते लोकांचा गोंधळ इथंच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८८ मध्ये आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास तपासणारी शास्त्रज्ञांची समिती, स्थापन झाली. तिचा १९९० चा पहिला अहवाल म्हणत होता की तापतंय खरं, पण ते माणसामुळं की आपोआप, हे अजून वेगळं काढता येत नाही. १९९५ मध्ये भाषा बदलली: माणसाचा हात जाणवतो. २००१ मध्ये शक्यता ६६ टक्क्यांच्या वर. २००७ मध्ये ९० च्या वर. २०१३ मध्ये ९५ च्या वर. ऑगस्ट २०२१ मध्ये टक्केवारीच काढून टाकली आणि लिहिलं: निःसंदिग्ध.

आता हेच पारावर कसं ऐकू जातं? 'आधी माहीत नाही म्हणत होते, मग कदाचित म्हणाले, आता नक्की म्हणायलेत. शब्द फिरवतात.' अहो, डॉक्टर पहिल्या दिवशी ताप म्हणतो, रक्त तपासून आलं की डेंग्यू म्हणतो. त्याला आपण शब्द फिरवला म्हणतो का?

तीन, तुमचं बहात्तर. ते पडलंच. त्याआधी १८७६ ते ७८ चा दुष्काळही पडला. दुष्काळ पडायला कार्बन लागतोच असं कुणी म्हणत नाही. शकुनीचे फासे आठवा. एक दान बघून फासे खोटे आहेत हे धर्मराजाला कळलं नाही. शंभर दानं लिहून ठेवली असती तर कळलं असतं. त्याच २०२१ च्या अहवालात ही मोजदाद आहे: १८५० ते १९०० या काळात दहा वर्षांतून एकदा यायची तशी उष्णता आता दहा वर्षांत २.८ वेळा येते. दहा वर्षांतून एकदा पडायचा तसा मुसळधार पाऊस १.३ वेळा. आकड्यांतला फरक बघा. उष्णतेबद्दल ठासून सांगता येतं, पावसाबद्दल जरा कमी, दुष्काळाबद्दल त्याहून कमी. हे शास्त्रज्ञ स्वतःच लिहून ठेवतात. अनुदानासाठी लिहिणारा असं लिहीत नाही.

मांजराकाठ, तुमच्या अण्णांच्या वहीतून जे दिसतं ते मोठ्या पट्ट्यातही दिसलं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात महाराष्ट्र आला, दूरवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र घटत गेला. कारणही समजायला अवघड नाही. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापलेला. बाष्प साठत राहतं, रेघा-रेघा-रेघा, आणि मग नळी चार वेळा भरते.

मात्र एक पथ्य पाळा. एका गावाच्या चाळीस वर्षांवरून हवामान बदल सिद्ध होत नाही. मधे एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस बिघडतो अशी, वर्षं येतात, २०१५ आलं, २०२३ आलं. वही साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

बिब्बा

साक्षीदार फुटतात, हे कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगू नका. आणि तुमच्या त्या आयपीसीसीनंच २००७ मध्ये लिहिलं होतं ना, २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार? झालं काय त्याचं? मागं घ्यावं लागलं!

दुधनाकाठ

लागलं. जानेवारी २०१० मध्ये चूक कबूल केली. हजारभर पानांच्या खंडात एक परिच्छेद, धड तपासलेला नव्हता. पण ती चूक धरली कुणी? हिमनद्या मोजणाऱ्यांनीच. हिमनद्या वितळतायत हे आजही खरं, साल खोटं होतं. कोर्टात साक्षीदार एका तारखेला चुकला म्हणून खून झालाच नाही असं ठरतं का? तुम्हीच सांगा वकीलसाहेब.

हुरडापार्टी

शेंगा भाजून आणतो, कुणी उठू नका.

बांधावरचा

मी कृषी खात्यात आहे, पद विचारू नका. दुधनाकाठ यांनी खात्रीबद्दल लिहिलं ते वाचून हसू आलं आणि थोडं रडूही. कारण ती खात्री बांधापर्यंत नेणारा मी.

गावात बैठक घेतली. म्हणालो, 'पुढच्या चार दिवसांत पावसाची शक्यता सत्तर टक्के.' मागून आवाज: 'म्हणजे सत्तर टक्के रानात पडंल, तीस टक्के कोरडं. आमचं कोणत्यात?' दुसरा म्हणाला, 'सत्तर मार्क म्हणजे पास.' आणि पेरून मोकळा झाला. पाऊस आला नाही. बियाणं गेलं, खत गेलं, त्या माणसानं पुढची दोन वर्षं माझ्याशी रामराम केला नाही. तो चुकला असं मला वाटत नाही. आपल्याकडं 'शक्यता' या शब्दाचा अर्थच 'येईल बहुतेक' असा होतो.

रंगांचंही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हला. पण मोबाईलवर रोज काहीतरी पिवळं येतं, त्यामुळं पिवळा म्हणजे हळद.

मग व्हॉट्सॲपवरचे हवामानवाले येतात. ते शक्यता म्हणत नाहीत. 'तारीख १४ ते १७, बीड, लातूर, धाराशिव, ओढे-नाले भरून वाहतील, आपली कामं आवरून घ्या.' खणखणीत. दहात चार वेळा बरोबर आलं तरी लोक त्या चारच्या आठवणी काढतात. आणि शास्त्रावर बोलणारा मी, 'तथापि', 'दरम्यान', 'तुरळक ठिकाणी'. तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं, हे मला माझ्या बायकोलासुद्धा सांगता आलेलं नाही.

मी काय शिकलो ते सांगतो. आता शक्यता हा शब्द बैठकीत काढत नाही. विचारतो, 'पाऊस वीस दिवस ताणला तर तुमचं किती जाईल, आणि एका रात्रीत चार इंच पडला तर किती?' लोक लगेच हिशेबाला बसतात. तिथून रुंद सरी-वरंब्यावर येता येतं. पाऊस ताणला तर वरंब्यात ओल राहते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. परभणीच्या विद्यापीठानं हे कितीदा सांगितलं, पण पटलं कधी? २०२३ मध्ये. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. मघा कोरड्या गेल्या. सपाट रानातलं सोयाबीन पिवळं पडून खाली बसलं आणि शेजारी वरंब्यावरचं उभं होतं. मी भाषण केलं नाही. लोक सायकली थांबवून बघत होते.

तेरणामाय

मांजराकाठ, तुमच्या अण्णांच्या वहीत ३० सप्टेंबर १९९३ ला काय लिहिलंय हो? सहज विचारते.

धोका माणसाला कसा कळतो याचं माझ्याकडं एक वेगळंच उदाहरण आहे. मी किल्लारीपासून जवळच्याच गावची. आमची घरं माळवदाची. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात आत शिरलं की गारवा. भूकंपाच्या त्या पहाटे त्याच भिंतींनी माणसं मारली. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. कुणी अहवाल वाचला नाही, पण पंचक्रोशीत माळवदाखाली झोपायला कुणी तयार होईना. पत्र्याची घरं आली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हे एका रात्रीत कळलं होतं.

आणि आता तोच पत्रा उन्हाळ्यात भट्टी होतो. माझी सासू ऐंशीची. दुपारी अकराला खाट उचलून लिंबाखाली जाते, पाचला परत येते. पत्र्यावर पाचट टाकतो, वर पाणी मारतो, पाणी असलं तर. ती उन्हानं आजारी पडली तर कुणी म्हणणार नाही की धोका होता. म्हणतील, वय झालं होतं.

भूकंपाचा धोका एका रात्रीत आला, म्हणून घर बदललं. हा रोज थोडा-थोडा येतो. याच्यासाठी कुणी घर बदलंना.

मांजराकाठ

तेरणामाय, वही समोर नाही, पण ते पान मला पाठ आहे. 'पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. मोठं गाठोडं ओढल्यासारखा आवाज. पोरं बाहेर काढली. पाऊस: –'. साडेआठला ते त्याही दिवशी मापकाजवळ गेले होते.

पाटाचं_पाणी

इथं सगळे भावनिक झालेत म्हणून जरा मीठ टाकतो. हवामान बदल खरा आहे, माझा वाद नाही. पण तो आपल्या पुढाऱ्यांना फार सोयीचा झालाय, त्याचं काय?

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी, १४४ कलम, पाण्यासाठी! सगळ्या देशाच्या वाहिन्या आल्या. सगळे म्हणाले, निसर्ग कोपला. निसर्ग दोन वर्षं कोपलाच होता, मान्य. पण त्या दोन वर्षांआधी मांजरेच्या खोऱ्यात ऊस कुणी वाढवला? हजार-हजार फुटांचे बोअर कुणी पाडले? आणि त्याच २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच लातूर जिल्ह्यात पूर. सहा महिन्यांत रेल्वेचं पाणी ते पुराचं पाणी. ओढ्यात घरं, पुलाच्या नळ्या गाळानं बुजलेल्या, तर पाणी जाणार कुठं?

आता अधिकारीही शिकलेत. काहीही झालं की 'ढगफुटी' आणि 'वातावरणीय बदल'. ढगफुटीला व्याख्या आहे: वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी किंवा जास्त. आपल्याकडच्या बातम्यांतल्या किती ढगफुट्या त्यात बसतील?

कोरडवाहू

पाटाचं_पाणी, उसाला शिव्या घालणं सोपं. मी सोयाबीनवाला आहे, तरी उसाची बाजू घेतो. सोयाबीनला २०२२ मध्ये गोगलगाईंनी खाल्लं, २०२३ मध्ये पाऊस ताणला आणि वर पिवळा मोझॅक, पुढं काढणीला पाणी. ऊस गारपिटीत फाटतो पण मरत नाही, दोन दिवस पाण्यात उभा राहतो. आणि त्याला कायद्यानं ठरलेला एफआरपी, म्हणजे किमान भाव, आहे. पाऊस जितका लहरी होईल तितका माणूस उसाकडं पळणार. हवामान बदलानं ऊस वाढतो, उसानं पाणी आटतं. आता कुणाला धरायचं?

पाटाचं_पाणी

हे मी या अंगानं पाहिलं नव्हतं. तरी नळ्या साफ करायला पाऊस आडवा येत नाही, एवढं म्हणतो.

शाईपेन

मी जिल्हा पातळीवर बातमीदारी करते. आमच्या शीर्षकांचीच वंशावळ सांगते. आधी 'वरुणराजा रुसला'. मग 'अस्मानी-सुलतानी'. मग 'ढगफुटीसदृश', यातलं 'सदृश' हा आमचा शोध, व्याख्या विचारली की कामी येतो. आता 'हवामान बदलाचा फटका'. खरं सांगायचं तर यातलं एकही आम्ही अहवाल वाचून लिहिलं नाही. डेस्कवर जे आठ शब्दांत बसलं ते गेलं.

पण वाचक बदललाय हे नक्की. २०२० मध्ये केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा अहवाल आला होता: १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. मी चार परिच्छेदांची बातमी केली, एकही फोन आला नाही. लोकांना ०.७ म्हणजे काय? आमच्याकडं सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक असतो. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त, आजवरचं सर्वांत उष्ण, असं जागतिक हवामान संघटनेनं सांगितलं तेव्हाही तेच. मात्र २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला. भूम-परांड्याकडं सीनेच्या पाण्यानं रानं खरडून नेली, माती गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. त्यानंतर एक आजोबा बंद पडलेल्या मोबाईलची तक्रार करायला दुकानात आले होते, तिथं मला म्हणाले, 'बाई, ते तापमान वाढलंय म्हनून लिहिलं होतं तुमी, ते ह्येच का?'

२०२१-२२ मध्ये येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांचं भारतभरचं सर्वेक्षण झालं होतं. ५४ टक्के लोक म्हणाले, जागतिक तापमानवाढीबद्दल ऐकलं नाही किंवा थोडंच माहीत आहे. पण दोन ओळींत अर्थ सांगून विचारलं तर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. मधले लोक अडाणी नव्हेत. त्यांनी पाहिलेलं होतं, नाव माहीत नव्हतं.

बांधावरचा

शाईपेन, शेवटच्या वाक्याला +१. 'पाऊसमान बदललं' हे आमच्याकडं कधीचं म्हणतात. 'हवामान बदल' म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं लोकांना.

बिब्बा

दुधनाकाठ, खुनाचा दाखला चांगला दिलात, मान्य. माझं मत तेच आहे. पण एक विचारतो. त्या अण्णांच्या वहीसारखी बहात्तरची कुणाची वही आहे का? मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय की तेव्हा पाऊस किती दिवस होता. आई म्हणायची, एक थेंब नाही. मला मात्र आठवतं की खडी फोडताना एकदा भिजलो होतो. कोण खरं, ते बघायचंय.

दुधनाकाठ

तालुक्याच्या ठिकाणच्या नोंदी जुन्या आहेत, हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात अर्ज करून मिळतात. २.५ मिमी किंवा जास्त पडलं तर तो 'पावसाचा दिवस' धरतात, त्याच्या खाली भिजलात तर आई खरी आणि तुम्हीही खरे. तालुका कळवा, अर्ज मी लिहून देतो.

मांजराकाठ

धागा अण्णांना मोबाईलवर वाचून दाखवला. सव्वा तास लागला, कारण बिब्बा यांच्या प्रत्येक प्रतिसादानंतर ते 'बरोबर हाय की' म्हणायचे आणि दुधनाकाठ यांच्यानंतर 'हेबी बरोबर हाय'.

वाहनाचा रकाना का बंद केला, ते आज नीट सांगितलं. २०१५ मध्ये लागोपाठ दोन नक्षत्रांना चांगली वाहनं होती. त्या भरवशावर त्यांनी धाकट्या काकांना पेरा म्हणून सांगितलं. दुबार पेरणी झाली, तीही गेली. काका काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी नवी वही आखताना अण्णांनी चारच रकाने पाडले. म्हणाले, "पंचांग चुकलं असं नाही मी म्हणत. पण मी मास्तर. माझं ऐकून त्यानं पेरलं."

कोरडवाहू यांच्या गंजीचं ऐकून मात्र गप्प झाले. मग म्हणाले, 'त्या गृहस्थाला म्हणावं, अंगणात एक मापक ठेवा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा. विमा मिळायचा नाही, पण फळ्यावर लिहिलेलं पुसताना माणसाचा हात थांबतो.'

आता नळीचं सांगा. त्यांना चैन पडत नाहीये. काल पाण्याचा ग्लास घेऊन निघाले होते.

दुधनाकाठ

ग्लास नको, तो वर रुंद आणि खाली निमुळता असतो, माप चुकतं. तुमचं मापक जुन्या पद्धतीचं असेल तर नरसाळ्याचं तोंड १२७ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे पाच इंच. पट्टीनं एकदा मोजून घ्या. तेवढंच असेल तर औषधाच्या दुकानातून मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप आणा. मापकातल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतायचं आणि आलेल्या आकड्याला १२.७ नं भागायचं. उत्तर मिमीमध्ये.

तेही नसेल तर सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा पत्र्याचा डबा मोकळ्यावर ठेवा. आत पट्टी उभी धरा. डबा लहान असो की मोठा, पाणी जेवढे मिलिमीटर चढलं तेवढा पाऊस. बारीक पावसाला चूक होईल, पण वहीत रेघ पडण्यापेक्षा बरं.

कोरडवाहू

डबा मी पण ठेवतो. पाच किलो तेलाचा पत्र्याचा डबा चालंल का? वरचं कापून.

दुधनाकाठ

चौकोनी, सरळ असेल तर चालेल. आतून घासून घ्या, तेल राहायला नको. आणि वेळ साडेआठच.

मांजराकाठ

आज सकाळी साडेआठ. बिस्किटाचा जुना डबा, भाच्याची कंपासपेटीतली पट्टी. पट्टीचा शून्य टोकापासून जरा आत असतो, हे अण्णांनी ओतण्याआधीच हेरलं आणि तेवढं मिळवलं.

६ मिमी. शेरा: 'डब्यानं मोजलं. नळी येईपर्यंत असंच.'

कोरडवाहू

आमच्याकडं रेघ.